दाढदुखीवरून थेट आयसीयू: लॉकडाउनमध्ये असं का झालं, आणि ते ऑपरेशन गरजेचं होतं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मे २०२१, कडक निर्बंधांचे दिवस. गडहिंग्लज तालुक्यातले तुमचे वडील, वय ५८, शुगर असलेले. उजवीकडची खालची शेवटची दाढ ठणकायला लागली. नेहमीच्या डेंटिस्टांचा दवाखाना बंद होता, म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मग गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, इंजेक्शन दिलं. आठवडाभरात दुखणं थांबलं, पण सूज जबड्याखाली उतरली. एका रात्री थुंकी गिळता येईना, आडवं होता येईना, तेव्हा कोल्हापूरला आणलं. पहिल्या ठिकाणी ताप आणि घसा बघून स्वॅबच्या रांगेत बसवलं. दुसऱ्या ठिकाणी रात्रीतच ऑपरेशन झालं. जबड्याखाली तीन चिरा, नाकातून श्वासाची नळी, दोन दिवस व्हेंटिलेटर आणि एकूण नऊ दिवस मुक्काम. वडील आता बरे आहेत. पण पाहुण्यारावळ्यांत अजून चर्चा चालते की एका दाढेसाठी कुणी एवढं करतं का, कोविडच्या नावाखाली तुम्हाला फसवलं. तुम्ही विचारलंय की ते सगळं खरंच गरजेचं होतं का, त्या काळातच असं का झालं, आणि आईचीही तशीच किडलेली दाढ आहे पण ती दुखत नाही, तर थांबलं तर चालेल का.

मी तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करते, कोल्हापुरातच. त्या दोन वर्षांत असे रुग्ण मी जवळून बघितलेत, म्हणून सविस्तर लिहिते. वडिलांची फाइल मी पाहिलेली नाही. सीटी स्कॅन, दाखल होतानाची शुगर, भूलतज्ज्ञांची नोंद हे डोळ्यांखालून घातल्याशिवाय एकेका निर्णयावर शिक्का मारणं बरोबर नाही. बिलाचा हिशोब तर मी करूच शकत नाही. पण तुम्ही जो क्रम लिहिलाय तो इतका ओळखीचा आहे की त्यातला बराचसा भाग मला समजावून सांगता येईल. आणि मला वाटतं, तुमच्या मनातला खरा प्रश्न बिलाचा नाहीच. दाढ ठणकायला लागली त्या दिवसापासून गाडीत घालून कोल्हापूरला आणलं त्या रात्रीपर्यंत वेळ कुठे गेला आणि तो वाचला असता का, हा आहे.

दात किडून कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की ती नस सुजते. तीच ती रात्रभर झोपू न देणारी ठणक. काही दिवसांनी नस मरते. नस मेली की ठणक एकदम थांबते आणि माणसाला वाटतं, बरं झालं. पण जंतू आता मुळाच्या टोकातून हाडात उतरलेले असतात. तिथे पू साठतो, हाडात दाब वाढतो, पुन्हा दुखतं. मग एक दिवस पू हाड फोडून बाहेरच्या मऊ भागात येतो. दाब सुटला की दुखणं पुन्हा कमी होतं आणि सूज मात्र वाढायला लागते. “दुखायचं राहिलंय, नुसती सूज हाय” हे वाक्य मी ओपीडीत जेव्हा ऐकते तेव्हा माझे कान टवकारतात, कारण आजार पुढच्या टप्प्यात गेल्याची ती खूण असते. तुमच्या वडिलांचं नेमकं हेच झालेलं दिसतं, आणि घरच्यांना त्या वेळी हायसं वाटलं असेल तर त्यात काहीच नवल नाही.

हाडातून बाहेर आलेला पू जातो कुठे, हे कुठला दात आहे यावर ठरतं. पुराचं पाणी जसं सखल वाट धरतं तसा पू स्नायूंच्या पडद्यांमधल्या मोकळ्या जागा धरत जातो. पुढच्या दातांचा पू बहुतेक वेळा हिरडीवर पुटकुळी होऊन फुटतो किंवा ओठ-गाल सुजतो. दिसायला भयंकर, पण सहसा जिवावर बेतत नाही. खालच्या शेवटच्या दोन दाढांचं मात्र वेगळं आहे. जिभेच्या खाली, तोंडाच्या तळाशी स्नायूचा एक पडदा असतो आणि या दोन दाढांची मुळं त्या पडद्याच्या खालपर्यंत गेलेली असतात. जिभेच्या बाजूचं हाडही तिथे पातळ असतं. त्यामुळे त्यांचा पू तोंडात न येता सरळ जबड्याखालच्या, म्हणजे मानेच्या जागेत उतरतो. तिथून जिभेखाली, हनुवटीखाली, दुसऱ्या बाजूला आणि मागे घशाच्या भिंतीलगत. त्याहून पुढे गेला तर छातीच्या मधल्या पोकळीपर्यंत. दोन्ही बाजूंच्या या जागा एकदम सुजल्या की जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. या अवस्थेला लुडविग्ज अंजायना म्हणतात. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये तिचं वर्णन केलं. अँटिबायोटिक येण्याआधी अशा रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त दगावत, आणि बरेचदा पुवापेक्षा आधी गुदमरून.

तेव्हा “एका दाढेसाठी एवढं?” याचं उत्तर असं की ऑपरेशनच्या वेळी प्रश्न दाढेचा राहिलेलाच नव्हता. तो श्वासनलिकेचा झाला होता. थुंकी गिळता न येणं आणि आडवं होता न येणं ही दोन लक्षणं एकत्र आली की आम्ही घड्याळाकडे बघायला लागतो. अशा रुग्णाला सीटी स्कॅनसाठी उताणं झोपवणंसुद्धा धोक्याचं असतं. म्हणून कधी कधी आधी श्वासाची सोय करतात आणि स्कॅन मागून होतो.

आता तीन गोष्टी, ज्यांच्यावरून पाहुण्यांना शंका आली असं तुम्ही लिहिलंय.

पहिली म्हणजे नळी नाकातून का. जबडा आवळल्यामुळे तोंड उघडत नाही आणि जीभ वर आलेली असते, त्यामुळे तोंडातून नेहमीसारखी नळी घालता येत नाही. रुग्णाला नेहमीसारखी पूर्ण भूल आधी दिली आणि मग नळी गेली नाही, तर हातात मिनिटं उरतात. म्हणून भूलतज्ज्ञ बरेचदा रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून, नाकातून दुर्बिणीच्या मदतीने नळी सरकवतात. तेही जमलं नाही तर गळ्याला छिद्र पाडून श्वासाचा मार्ग करावा लागतो. आणि २०२१ मध्ये हे सगळं पीपीई किट घालून, चष्म्यावर वाफ धरलेली असताना करायचं होतं, समोरच्याला कोविड आहे की नाही हे माहीत नसताना. रुग्णाच्या श्वासाशी सर्वांत जवळचा चेहरा भूलतज्ज्ञाचा असतो. त्या रात्री ज्यांनी वडिलांना नळी घातली त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि तुम्हीही तो ठेवावा असं वाटतं.

दुसरी शंका: पू फारसा निघालाच नाही, मग तीन चिरा कशाला? हे जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो. लुडविग्जमध्ये सुरुवातीला वाटीभर पू नसतोच. तिथले ऊतक सुजून कडक झालेले असतात, दाबलं तर खड्डा पडत नाही. चिरा देण्यामागे दोन उद्देश असतात. आतला दाब मोकळा करणं, आणि प्रत्येक जागेत रबराचा ड्रेन ठेवून पुढे तयार होणाऱ्या पुवाला बाहेरची वाट देणं. जागा वेगवेगळ्या, म्हणून चिराही एकापेक्षा जास्त. त्या जबड्याच्या कडेवर न देता थोड्या खाली, मानेवर देतात, कारण कडेलगत खालचा ओठ हलवणारी नस जाते. मानेच्या घडीत तो व्रण कालांतराने बऱ्यापैकी लपतो.

तिसरी, ऑपरेशन झाल्यावरही दोन दिवस व्हेंटिलेटर. ऑपरेशननंतर सूज लगेच उतरत नाही. पहिले दोन-तीन दिवस ती थोडी वाढूही शकते. तेवढ्यात नळी काढली आणि घसा पुन्हा मिटला, तर त्या सुजलेल्या घशात दुसऱ्यांदा नळी घालणं पहिल्यापेक्षा अवघड. म्हणून नळीच्या बाजूने हवा जायला लागेपर्यंत, म्हणजे सूज उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबतात. शुगर असलेल्या माणसाचे नऊ दिवस मला जास्त वाटत नाहीत. ड्रेन निघेपर्यंत, शुगर इन्सुलिनवर ताब्यात येईपर्यंत आणि तोंडाने नीट खाता येईपर्यंत घरी सोडायचं नसतं. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला तरी उपचाराची दिशा बरोबर वाटते.

आता त्या काळाबद्दल. इथे मला थोडं थांबून लिहायचंय, कारण हा भाग लोक विसरत चाललेत.

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाउन लागला. डेंटिस्टचं काम असं की एअरोटर (दात कोरायचं यंत्र) किंवा दात साफ करायचं मशीन चाललं की रुग्णाच्या लाळेचे बारीक तुषार खोलीभर उडतात आणि करणाऱ्याचा चेहरा तिथून हातभर अंतरावर असतो. त्या वेळी एन-९५ मास्क मिळत नव्हते, लस नव्हती. आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० ला दंतवैद्यकासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार कंटेनमेंट झोनमधले दंत दवाखाने बंद ठेवायचे होते आणि रेड झोनमध्ये फक्त तातडीची कामं करायची होती. सगळे डेंटिस्ट घाबरून घरी बसले असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड इथल्या माणसाला दिसायचं ते बंद शटर. एसटी बंद. जिल्ह्याबाहेर जायला पास. निपाणीकडचे रुग्ण एरवी सहज कोल्हापुरात येतात, त्यांना कर्नाटकच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर अडवलं जायचं. दुधाच्या टेम्पोतून बसून आलेले रुग्ण आम्ही बघितलेत. सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय, कोविडच्या रुग्णांनी भरलेलं. २०२१ च्या जून-जुलैत इतर जिल्हे मोकळे व्हायला लागले तेव्हा आपला पॉझिटिव्हिटी दर चढाच राहिला, निर्बंध लांबले, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात महापूर येऊन शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला.

या सगळ्याचा परिणाम आम्हाला असा दिसला की दातांच्या दुखण्याचे एकूण रुग्ण कमी झाले, पण येणाऱ्यांमध्ये दाखल करावं लागणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. एरवी दाढ दुखली की माणूस दोन-चार दिवसांत कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसतो, दाढ उघडली जाते किंवा काढली जाते आणि विषय तिथेच संपतो. ती मधली पायरी निघून गेली. मग माणूस थेट शेवटच्या पायरीवर आमच्याकडे आला. हे फक्त आपल्याकडे झालं नाही. इंग्लंडमध्ये, योगायोगाने आपला लॉकडाउन सुरू झाला त्याच दिवशी, नेहमीची दंतसेवा थांबवली गेली आणि ८ जून २०२० पासून हळूहळू सुरू झाली. फोनवर सल्ला, वेदनाशामक आणि गरज वाटली तर अँटिबायोटिक, असा तिथला मार्ग होता. त्या वर्षी एप्रिल ते जुलै या काळात तिथल्या डेंटिस्टांनी लिहिलेली अँटिबायोटिक्स आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा २५ टक्के जास्त भरली, समोर बसून तपासलेले रुग्ण कितीतरी कमी असतानाही. हाताने करायचं काम थांबलं की त्याची जागा गोळी घेते. जी गोष्ट तिथे नोंदींत दिसली ती इथे मेडिकलच्या काउंटरवर घडत होती.

आणि गोळी ती जागा घेऊ शकत नाही, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेत रक्त जात नाही. साठलेल्या पुवात रक्त फिरत नाही. म्हणजे जंतूंचं मूळ ठाणं जिथे आहे तिथपर्यंत गोळी पुरेशी पोचतच नाही. ती आजूबाजूच्या पसरणाऱ्या संसर्गाला थोडा आवर घालते, ताप उतरवते, आणि चार दिवसांची उसंत देते. त्या उसंतीत दाढेचा बंदोबस्त झाला तर गोळीचं सोनं झालं. नाही झाला तर कोर्स संपल्यावर संसर्ग परत येतो, आणि या वेळी त्या औषधाला न जुमानणारे जंतू जास्त असतात. मग गोळी बदलतात. माझ्याकडे अशा अवस्थेत आलेले बहुतेक लोक दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या घेऊन आलेले असायचे आणि प्रत्येकाला वाटायचं की आपण उपचार घेतच होतो. गावातल्या डॉक्टरांना मी यात दोषी धरत नाही. त्यांच्याकडे दात उघडायचं साधन नव्हतं, रुग्ण तळमळत होता, आणि पुढे पाठवायचं तर कुठे पाठवायचं हेच ठरत नव्हतं.

इंजेक्शनबद्दल मात्र एक सांगायला हवं. दुखण्यावर आणि सुजेवर म्हणून दिलेल्या इंजेक्शनात काही वेळा स्टिरॉइड असतं. त्याने एक-दोन दिवस छान वाटतं, सूज ओसरल्यासारखी दिसते, पण शुगर चढते आणि प्रतिकारशक्ती खाली येते. वडिलांना दिलेलं इंजेक्शन कुठलं होतं यावर हे अवलंबून आहे, जुनी चिठ्ठी असेल तर बघा. शुगर असलेल्या माणसात हाच संसर्ग जास्त वेगाने आणि जास्त खोल पसरतो, आणि संसर्गामुळे शुगर आणखी वाढते. हे चक्र तोडायला दोन्हीकडून हात घालावा लागतो. त्याच महिन्यांत कोविडनंतरच्या काळ्या बुरशीचे रुग्णही येत होते, वरचे दात एकदम हलायला लागलेले, टाळू काळा पडलेला. तो वेगळा आजार, पण शुगर आणि स्टिरॉइड हे दोन धागे तिथेही होतेच. त्यामुळे त्या वेळी तोंड सुजलेला, शुगर असलेला कुणीही दिसला की आम्ही दोन्ही शक्यता डोक्यात ठेवून तपासायचो.

पहिल्या ठिकाणी स्वॅबच्या रांगेत बसवलं याचा तुम्हाला राग आहे, तो मला समजतो. ताप, घसा दुखणं, गिळता न येणं, दम लागणं ही लक्षणं त्या महिन्यांत दारावर कुणीही सांगितली असती तरी समोरच्याच्या मनात कोविडच आला असता. त्यातून मास्क. एरवी लांबूनच ओळखू येणारी जबड्याखालची सूज मास्कने झाकली जायची. आम्ही पुढे नियमच केला होता की ताप असलेल्या प्रत्येकाला मास्क क्षणभर खाली करून जबड्याखाली बघायचं आणि तोंड उघडायला सांगायचं. शिवाय लोक उलटही वागायचे. ताप आहे सांगितलं तर क्वारंटाइन करतील, घरावर बोर्ड लावतील, या भीतीने गोळी घेऊन ताप उतरवून यायचे आणि ताप आल्याचंच लपवायचे. त्यात किती दिवस गेले असतील कोण जाणे.

मग वेळ वाचला असता का? माझं प्रामाणिक मत असं की पहिल्या तीन-चार दिवसांत दाढ उघडली किंवा काढली असती, तर हे टळण्याची शक्यता खूप होती. तशी सोय गडहिंग्लज भागात त्या आठवड्यात होती का, हे मला सांगता येणार नाही. नंतरचे दिवस मात्र केवळ सोय नसल्याने गेले नाहीत. एक समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, “सूज असताना दाढ काढायची नसते.” तुम्हीही लिहिलंय की सूज उतरल्यावर बघू असं ठरलं होतं. ही समजूत पूर्ण निराधार नाही. सुजेत आम्लता वाढलेली असते म्हणून बधिर करायचं इंजेक्शन नीट लागत नाही, तोंड उघडत नसेल तर हात चालत नाही. पण या अडचणी डॉक्टरच्या आहेत, त्यांना मार्ग आहेत: बधिर करायची जागा बदलता येते, गरज पडली तर भूल देऊन करता येतं. सूज दाढेमुळे आली असेल तर तिचं कारण तोंडात ठेवून ती उतरायची वाट बघण्यात तोटाच आहे. काही रुग्णांत आम्ही आधी चीर देऊन पू काढतो आणि दाढ एक-दोन दिवसांनी काढतो. तो क्रम माणसाच्या अवस्थेवर ठरतो. मात्र दाढेला हातच न लावता नुसतं थांबणं हा क्रम नव्हे. शेक देण्याचंही तसंच. बाहेरून गरम फडक्याचा शेक दिला की पू बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि गालाला किंवा हनुवटीखाली फुटतो. दुखऱ्या दाढेशेजारी मशेरी किंवा ॲस्पिरीनची गोळी दाबून ठेवली की हिरडी भाजते आणि तोंडातलं चित्र आणखी गोंधळाचं होतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मात्र खुशाल करा.

त्या काळात आम्ही व्हिडिओ कॉलवर बरेच रुग्ण पाहिले. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० लाच दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियम काढले होते, त्यामुळे तो मार्ग खुला होता. दात तर फोनवर काढता येत नाही, पण कुणाला रात्रीच गाडी करून आणायचं आणि कोण सकाळपर्यंत थांबू शकतो, हे ठरवता यायचं. तेव्हा जे विचारायचे तेच आजही विचारते. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये जातात का? दोनच जात असतील तर काळजी, एकच जात असेल तर आजच दवाखाना. इथे एक मेख आहे. मावा-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड आधीपासूनच कमी उघडतं, म्हणून महिन्यापूर्वी किती उघडत होतं तेही विचारावं लागतं. मग विचारायचे, थुंकी गिळता येते का, की तोंडातून गळतेय? उशी न घेता उताणं झोपता येतं का? आवाज बदललाय का, तोंडात घास धरून बोलल्यासारखा येतोय का? जिभेखालचा भाग वर आलाय का? सूज जबड्याच्या कडेच्या खाली मानेकडे गेली आहे का? यातली गिळण्याची, झोपण्याची किंवा आवाजाची तक्रार असेल तर दातांचा दवाखाना शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने, बसवूनच, जिथे आयसीयू आणि भूलतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात जायचं. दारात “दाढेची सूज घशात उतरलीय, श्वासाला त्रास आहे” एवढं स्पष्ट सांगायचं. वरच्या दाढेची सूज डोळ्याकडे चढून डोळा मिटायला लागला, तर तेही तितकंच तातडीचं.

वडिलांच्या बाबतीत एकच गोष्ट तपासून घ्या असं सुचवेन. त्या वेळी त्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर बहुतेक चढलेली असणार. ती आता किती आहे? ताब्यात नसेल तर बाकीच्या दातांच्या हिरड्या त्याच वाटेवर असतील. खालच्या ओठाला बधिरपणा किंवा एका बाजूला थोडा वाकडेपणा राहिला असेल, तर तो अजून सुधारू शकतो की नाही हे बघून सांगावं लागेल.

आणि आईची दाढ. तुम्ही लिहिलंय की ती सहा महिन्यांपूर्वी आठ दिवस ठणकली, गोळ्या घेतल्या, आता काहीच त्रास नाही. वर मी नस मरण्याचं सांगितलं ते पुन्हा वाचा. ठणकून शांत झालेली, मोठी कीड असलेली खालची दाढ म्हणजे बरी झालेली दाढ असं मी धरणार नाही. मुळाशी काय आहे ते एका छोट्या एक्स-रेमध्ये दिसतं, खर्च फार नसतो, गडहिंग्लजमध्येच होईल. दाढेचा वरचा भाग शाबूत असेल तर रूट कॅनल करून ती वाचवता येते, अगदीच पोखरली असेल तर काढणं बरं. कुठलं करायचं हे एक्स-रे, दाढ किती उरलीय आणि पुढे कॅप बसवायची तयारी आहे का, यावर ठरतं. त्यांना बीपीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका, चिठ्ठीच सोबत न्या. शुगर कधी तपासली नसेल तर त्याच दिवशी तपासून घ्या. दाढ शांत आहे तोवर हे काम खुर्चीवर बसून अर्ध्या तासात, साध्या बधिर करण्याच्या इंजेक्शनवर होतं.

जाताना वडिलांनाही बरोबर न्या. त्यांची खालची शेवटची दाढ गेलीय, त्यामुळे तिच्या समोरची वरची दाढ आधार नसल्याने हळूहळू खाली उतरते, तिच्या शेजारी अन्न अडकायला लागतं आणि कधी कधी ती गालाला किंवा खालच्या हिरडीला टोचते. तसं होत असेल तर तीही आताच दाखवून ठेवा.